विवरं मोजणाऱ्या बायका

मार्च महिना जवळ आला की मला फोन यायला लागतात. एरवी वर्षभर चंद्रावर काम करणारी एक बाई या शहरात राहते याची कुणाला आठवण नसते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मात्र ती सगळ्यांना एकदम होते. यंदाचा फोन एका महाविद्यालयातून आला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, महिला दिनानिमित्त आमच्याकडे परिसंवाद आहे. ग्रहविज्ञानातल्या महिला. आपण तरुण मुलींना करिअरबद्दल मार्गदर्शन करायचं. पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत काय सांगू?"

"काहीही चालेल मॅडम. फक्त इन्स्पायरिंग हवं."

मी हो म्हणाले. या कार्यक्रमांची मला किळस येते, तरी दरवर्षी मी हो म्हणते. दारात शनीची रांगोळी असते आणि तिची कडी हमखास वाकडी असते. हातात एक गुलाब देतात, त्याला चांदीचा कागद गुंडाळलेला. मग सूत्रसंचालिका विचारते, घर आणि संशोधन दोन्ही कसं सांभाळता? पुरुष शास्त्रज्ञाला व्यासपीठावर बसवून 'तुमच्याकडे पोळ्या कोण लाटतं' असं कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. एकदा मी म्हणाले होते की घर मी सांभाळत नाही, सकाळी कुलूप लावून निघते. लोक हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

यंदा मात्र जी शिसारी आली ती रांगोळीची आणि गुलाबाची नव्हती. माझी मलाच आली होती. ज्या आठवड्यात मी मुलींना मार्गदर्शन करणार होते, त्याच आठवड्यात माझ्या स्वतःच्या विद्यार्थिनीचं नाव तिच्याच शोधावरून पुसलं जात होतं. आणि ते तिला गोड शब्दांत पटवून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं.

आधी आमचं काम काय असतं ते सांगते. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. आकाशातून दगड येऊन आदळला की जो खड्डा पडतो तो बुजत नाही. त्याला आम्ही विवर म्हणतो. एखाद्या सपाटीवर विवरं जितकी जास्त, तितकी ती सपाटी जुनी. पुण्याच्या रस्त्यांना हा नियम लागू नाही, इथे डांबर वाळायच्या आधी खड्डे पडतात. चंद्रावर कंत्राटदार नसल्यामुळे नियम चालतो. तेव्हा सपाटीचं वय काढायचं असेल तर तिच्यावरची विवरं मोजायची. यानानं पाठवलेला फोटो पडद्यावर उघडायचा आणि प्रत्येक विवराभोवती माउसनं वर्तुळ काढायचं. हे काढलं की शेजारचं. महिनोन्‌महिने. मान आखडते, मनगट सुजतं, आणि घरी पोळीवरचे डागसुद्धा मोजावेसे वाटायला लागतात.

आमच्या गटात ही मोजणी कायम मुलींनी केली. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी नवीन आले तेव्हा गटप्रमुख असलेले आमचे सर म्हणाले होते, "मुलींना निवडायची सवय असते. तांदूळ निवडता ना, तसंच." सगळे हसले, मीही हसले. खरं म्हणजे मला तांदूळ निवडायचा कंटाळा होता, आमच्याकडे ते काम वडील करायचे. पण त्या दिवशी मी खाली मान घालून फोटो उघडला. मुली मोजायच्या, आणि आलेल्या आकड्यांवरून सपाटीचं वय काढायचे सर आणि त्यांचे दोन-तीन शिष्य. त्याला विश्लेषण म्हणत. शोधनिबंधावर नावं विश्लेषण करणाऱ्यांची. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असायची की मोजणीसाठी अमुक आणि तमुक यांचे आभार. ती ओळ मी आईला दाखवली होती, तेव्हा तिनं चष्मा लावून दोनदा वाचली.

गटात माझ्या आधीची, कायम नोकरीवर असलेली एकच बाई होती. आम्ही तिला बाईच म्हणायचो. मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. कडक इस्त्रीची सुती साडी, मोजकं बोलणं. त्यांनी मला फोटोतली सावली कशी वाचायची ते शिकवलं. ऊन उजवीकडून आहे की डावीकडून हे आधी ठरवायचं, नाहीतर खड्डा उंचवट्यासारखा दिसतो आणि माणूस दिवसभर टेकड्या मोजत बसतो. हे त्यांनी इतकं चांगलं शिकवलं की आजही माझी फसगत होत नाही. करिअरचा सल्लाही त्यांनीच दिला, पण त्याकडे नंतर येते.

आता माझ्या विद्यार्थिनीबद्दल. शहरानं गिळलेल्या एका गावातली मुलगी. गावाच्या नावापुढे आता पिन कोड पुण्याचा लागतो, पण नळाला पाणी अजून टँकरवाल्याच्या मर्जीनं येतं. घरची शेती होती, निम्मी आता इमारतींखाली गेली. तिकडून बसनं स्वारगेट, तिथून दुसरी बस, मग चालत, असं करून ती साडेनऊला हजर असायची. मुलाखतीत सरांनी तिला विचारलं होतं, "इतक्या लांबून रोज जमेल का? आणि लग्नाचं काय?" मी शेजारच्याच खुर्चीत होते. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायले. तिनं सरळ सांगितलं, "लग्न पण लांबचंच बघू सर." तेव्हाच मला ती आवडली.

प्रयोगशाळेत ती इंग्रजी मिसळून बोलायची, बाकीच्यांसारखी. पण काही सापडलं की तिची भाषा गावाकडे वळायची. त्यावरून मला कळायचं की आता जवळ जाऊन बघायला हवं.

जानेवारीत एका सकाळी तिनं हाक मारली. "मॅडम, जरा ह्ये बघता का?"

पडद्यावर आमच्या गटाची लाडकी सपाटी होती. याच सपाटीचं वय सरांनी पूर्वी काढलं होतं, समजलं जात होतं त्यापेक्षा बरंच जास्त. त्यावर त्यांची व्याख्यानं झाली, शाल-श्रीफळं झाली, वर्तमानपत्रात फोटो आला. नव्या यानाचे जास्त स्पष्ट फोटो आल्यावर ती मोजणी पुन्हा करायचं काम मी या मुलीला दिलं होतं.

"ही बारकी विवरं बघा मॅडम. ओळीत हायेत. समदी एकाच बाजूला लांबुळकी. वरून येणारा दगूड कुठंबी पडंल की. ओळ धरून कशाला पडंल?" तिनं फोटो वर सरकवला. उत्तरेला एक प्रचंड विवर होतं. "ह्याच्यातनं उडाल्यात ही. आमच्याकडं विहिरीला सुरुंग लावत्यात, तवा दगडं अशीच झुंडीनं येऊन पडत्यात. ही मोजायची नव्हती. काढून टाकली तर सपाटी लय तरणी निघती."

तिचं बरोबर होतं. मोठा दगड आदळला की उडालेल्या तुकड्यांचे पुन्हा खड्डे पडतात. एकाच घावाची ती पिलावळ. तीही मोजली तर जमीन आहे त्याहून म्हातारी दिसते. मोजणाऱ्यानं करायची ही सगळ्यात जुनी चूक, आणि ती सरांच्या सगळ्यात गाजलेल्या कामात होती.

मी "छान, पुन्हा एकदा तपासून घे" म्हणाले आणि माझ्या टेबलाशी येऊन बसले.  जुनी वर्तुळं माझी होती. सरांसाठी ती सपाटी मी मोजली होती. आणि विवरांची ती ओळ मला तेव्हाही दिसली होती.

फोटो तेव्हा धूसर होते, पण इतकेही नाही. संशयास्पद विवरांपुढे, यादीतल्या शेऱ्याच्या रकान्यात, मी प्रश्नचिन्हं केली होती. पानंच्या पानं प्रश्नचिन्हं. ती घेऊन मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "शंका काढत बसलात तर उद्या एकही विवर उरायचं नाही. राहू द्या वर्तुळं." मी बाईंकडे गेले. बाईंनी यादी चाळली, मिटली, माझ्या हातात परत दिली आणि म्हणाल्या, "भांडू नकोस. आपण काम करत राहायचं. काम बोलतं." हाच तो सल्ला. मी तो मानला. वर्तुळं राहिली. आणि त्या निबंधावर पहिल्यांदाच माझं नाव आलं, तिसरं. आभाराच्या ओळीतून मी वर आले होते. कशामुळे आले ते मला तेव्हाही कळलं होतं.

यातलं मी मुलीला काही सांगितलं नाही.

तिनं महिनाभर तपासलं. काही चुकत नव्हतं. मार्च लागताच मी तिचा मसुदा घेऊन सरांकडे गेले. सर केव्हाच निवृत्त झाले आहेत, पण खोली त्यांचीच आहे, दारावर पाटी त्यांचीच आहे आणि गटात काय छापायचं ते अजून तेच ठरवतात. ते चहात खारी बुडवून खात होते. वाचता वाचता खारीचा भिजलेला तुकडा कपात पडला. तो त्यांनी बोटानं शोधून काढला, तोंडात टाकला, बोट रुमालाला पुसलं आणि पान उलटलं. ते चिडतील अशी माझी अपेक्षा होती. ते खूश झाले.

"उत्तम! आपली चूक आपल्याच गटानं दुरुस्त केली. याला प्रगल्भता म्हणतात. लिहून टाकू. माझं नाव पहिलं, तुमचं दुसरं."

"आणि तिचं?"

"अहो, तिनं मोजलंय. आभारात घालू. अगदी पहिल्या ओळीत घालू."

"सर, तिची पीएचडी यावर उभी आहे."

"तिला दुसरी सपाटी द्या. चंद्रावर काय कमी आहेत का?" ते हसले. दातांत खारी अडकली होती. "तुम्ही समजावा तिला. बाईनं बाईला सांगितलं की पटतं."

  मी हो सर म्हणाले आणि बाहेर आले. इतक्या वर्षांत मला त्या खोलीत दुसरं काही म्हणायची सवयच राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये मी तिच्यासमोर बसले. तिनं डबा उघडला होता, भाकरी आणि मेथीची सुकी भाजी. तिनं अर्धी भाकरी माझ्या ताटलीत ठेवली. मी फिरवून फिरवून बोलायला लागले. सर मोठे आहेत, विषय मोठा आहे, त्यांच्या नावानं गेलं तर लवकर छापलं जाईल, तुझं पुढे सगळं व्हायचंय. ती ऐकत होती.

"म्हंजी माझं नाव नसणार."

"आभारात असेल. या वेळी. पुढच्या वेळी मी स्वतः बघेन."

"पण मॅडम, सापडलं मला ना?"

"हो, तुलाच. ते सगळ्यांना माहीत आहे. हे बघ, भांडू नकोस. आपण काम करत राहायचं. काम बोलतं."

तोंडातून गेलं आणि मग ते माझं मलाच ऐकू आलं. शब्द तेच होते, आवाज खाली घेणंही तेच. मी पाठ केलेलं म्हणून दाखवत होते. तिची भाकरी माझ्या ताटलीत तशीच होती, आणि मला ती उचलायची लाज वाटली.

 तिनं डबा संपवला, नळाखाली धुतला, ओढणीला पुसून पिशवीत ठेवला. जाताना म्हणाली, "जुनी यादी सर्व्हरवर हाय ना मॅडम? मला एकदा बघायची होती." मी हो म्हणाले. त्या प्रश्नानं तेव्हाच माझे कान टवकारायला हवे होते.

मग तो परिसंवाद. शनीची कडी अपेक्षेप्रमाणे वाकडी. व्यासपीठावर माझ्या शेजारी उपकरणं बनवणाऱ्या एक अभियंता बाई होत्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांच्या चाचणीच्या इमारतीत बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं, म्हणून सकाळपासून त्या पाणी प्यायच्या नाहीत, आणि एकदा त्यापायी आजारी पडल्या. सभागृह हसलं. तरुण मुलीसुद्धा हसल्या. अभियंता बाईंनाही मग हसावं लागलं. सूत्रसंचालिका म्हणाली, "बघा, किती हा संघर्ष, आणि तोही हसतमुखानं!" मी त्या बाईंकडे पाहिलं. हसू ओठांवर होतं आणि हातातल्या गुलाबाचा चांदीचा कागद त्या नखानं खरवडत होत्या.

माझी पाच मिनिटं मी सावली वाचण्यावर घालवली. ऊन कुठून येतंय ते आधी बघा वगैरे. मुली वहीत लिहून घेत होत्या. मग प्रश्नोत्तरं. तिसऱ्या रांगेतून माझी विद्यार्थिनी उठली. ती येणार आहे हे मला माहीत नव्हतं. माइक हातात घेऊन ती अगदी शुद्ध बोलली, एकेक शब्द सुटा करून.

"मॅडम, आपली सुरुवातीची एक मोजणी मी पाहिली. तिच्यात आपण खूप ठिकाणी प्रश्नचिन्हं केली होती. छापताना ती सगळी गेली. आपल्याला शंका होती, तर मग आपण काय केलं?"

सभागृहात कुणाला काही कळलं नाही. तिला आणि मला कळलं. प्रश्न साधा होता. उत्तर एका वाक्याचं होतं, की मी गप्प बसले आणि त्या बदल्यात मला नाव मिळालं. ते वाक्य जिभेवर आलं होतं.

मी म्हणाले, "फार सुंदर प्रश्न. शंका हा तर विज्ञानाचा प्राण आहे. शंकेला घाबरू नका, तिला सोबत घेऊन चाला."

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. त्या दिवशी इतक्या टाळ्या दुसऱ्या कुणालाच पडल्या नाहीत. ती मुलगी माइक परत देऊन खाली बसली, आणि ती मात्र टाळ्या वाजवत नव्हती. मला स्मृतिचिन्ह दिलं, प्लास्टिकचा चंद्र आणि त्यावर हात उंचावलेली बाई. ते धरून फोटो काढताना मला माझ्या चेहऱ्यावरच्या हसण्याची इतकी घाण वाटली की ते कधी एकदा पुसते असं झालं.

तिथून कोथरूडला घरी जायचं सोडून मी रिक्षा शनिवार पेठेत घ्यायला लावली. बाई तिथे राहतात, एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण साडी अजून कडक इस्त्रीची. त्यांनी मला बसवलं, स्मृतिचिन्हाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे इथे ठेवून जाऊ नकोस हं. माझ्याकडे असली चार आहेत."

मी त्यांना सगळं सांगितलं. मुलीचं, सरांचं, कँटीनमधलं, माइकचं. शेवटी विचारलं, "बाई, तुम्ही मला तेव्हा भांडू नकोस म्हणालात. तुम्हाला यादी पटली नव्हती का?"

"पटली होती की. न पटायला काय झालं? स्पष्ट ओळ होती ती."

"मग?"

त्यांनी स्मृतिचिन्ह माझ्याकडे सरकवलं.  मग म्हणाल्या, "तू भांडली असतीस तर मला तुझ्या बाजूनं उभं राहावं लागलं असतं. माझी बढती त्याच महिन्यात होती. तुला सल्ला नव्हता गं दिला. मी माझी वाट मोकळी केली. आणि तू तो इतका मनाला लावून घेतलास की पुढे मला खरं सांगायची लाज वाटायला लागली."

 तो सल्ला मी किती मुलींना दिला होता ते मला आठवायला लागलं. एक लग्न करून परदेशी गेली, एक शाळेत शिकवते, एकीनं बँकेची परीक्षा दिली. त्या सगळ्या जाताना मला पेढे देऊन गेल्या होत्या. प्रत्येकीला मी खाली आवाजात तेच सांगितलं होतं आणि मला वाटत होतं मी त्यांना जपते आहे. बाईंचा मला राग यायला हवा होता. आला नाही. निदान त्यांना आपण काय केलं ते ठाऊक होतं. मी तर आपण मोठी मार्गदर्शक आहोत अशाच समजुतीत राहिले.

"आता काय करशील?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही काय? माहीत आहे तुला. चहा घे आणि जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. म्हणाले, "सर, निबंध तिच्या एकटीच्या नावानं जाईल. तुमचं नाव नाही, माझंही नाही. आणि जुन्या निबंधाबद्दल मी नियतकालिकाला वेगळं पत्र लिहिते आहे. मोजणी माझी होती, शंका मला तेव्हाच आली होती, आणि तरी मी ती विवरं ठेवली, असं."

"मीच ठेवायला सांगितलं, असंही लिहिणार का?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला वेड लागलंय का? तुमचंच हसं होईल. निवृत्तीला किती वर्षं राहिलीत तुमची?"

"चार."

"मग चार वर्षं नीट काढा ना! त्या पोरीसाठी कशाला हा उपद्व्याप? उद्या ती लग्न करून जाईल."

"गेली तर नाव घेऊन जाईल," मी म्हणाले.  मला वाटलं होतं हे बोलताना फार मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. दात उपटल्यावर जीभ जशी त्या जागी पुन्हा पुन्हा जाते, तसं मला एवढंच वाटत राहिलं की हे केव्हाच करायला हवं होतं.

पत्र गेलं. निबंध गेला. पुढचे दिवस गटात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. एका जुन्या सहकाऱ्यानं जिन्यात गाठून विचारलं, "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?" बाईमाणूस खरं बोललं की घरी काहीतरी बिघडलं असणार, असा हिशेब. दिवाळीच्या आधी तिचा निबंध छापून आला. तिचं एकटीचं नाव, वडिलांच्या नावासकट पूर्ण. त्याच अंकात मागच्या पानावर माझं पत्र. तिच्या गावात म्हणे चौकात फलक लागला, त्यावर चंद्राऐवजी पृथ्वीचं चित्र होतं.

ती गावाहून पेढे घेऊन येईल असं मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते. मी एवढं केलं होतं. ती आली तेव्हा तिच्या हातात एक अर्ज होता. मार्गदर्शक बदलण्याचा. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत तिला जागा मिळाली होती, आणि खाली माझी सही हवी होती.

मी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. "रागावली आहेस का माझ्यावर?"

"नाय मॅडम." ती उभीच होती. मी बस म्हटलं तरी बसली नाही. "राग नाय. तुम्ही लिवलं तसं कुणी लिवत नाय, मला ठावं हाय. माझ्या आईलाबी मी सांगितलं, की मॅडमनी सोताचं नाव खाली केलं."

"मग?"

 ती माझ्याकडे न बघता बोलली. "तुम्हाला तवाच दिसलं हुतं. दिसल्यावर बी तुम्ही एवढी वर्सं रोज हितं येत हुता, त्याच सरांसंगं च्या घेत हुता, आमाला शिकवत हुता. आन्‌ चांगलं शिकवत हुता. मी रातंदिस त्येचाच इचार करती. तुमच्याकडं ऱ्हायले तर मला बी त्ये जमाया लागंल. त्येचं भ्या वाटतं मला."

 तिच्या म्हणण्यात खोडायला एक शब्द नव्हता. पेन काढलं, सही केली, शिक्का मारला आणि कागद तिच्याकडे दिला. तिनं तो नीट घडी करून पिशवीत ठेवला. मग रीतीप्रमाणे ती माझ्या पायांशी नमस्काराला वाकली, आणि मी पाय खुर्चीखाली मागे घेतले.